साहेबांसमोर रुतायची बंडी

"माही बंडी रुतवायची? मुद्दाम?"

जलालला वाटलं, नगराध्यक्ष आपली थट्टा करताहेत. पण नानाजी थट्टा करणारे गृहस्थ नव्हते. सावळापूरच्या नगरपालिकेत बसून त्यांनी आजवर लोकांना हसू येईल असं पुष्कळ केलं होतं, पण स्वतः ते कधी हसले नव्हते.

"मंग कोनाची रुतवू? माही?" नानाजी म्हणाले. "साहेब उद्या येऊन राह्यले. नुसता चिखल पाहून कोनाले दया येते, जलालभाई? भरली बंडी फसलेली दिसली पायजे. अन् तुह्या बैलांची फसली, तर मंग बोलाचं कामच नाही. हे बैल निघत नाही म्हनजे इथून कोनीच निघत नाही."

नवं राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. जिल्ह्यात यंदा एकाच गावाला पुलासाठी सरकारी अनुदान मिळणार होतं आणि मागणारी गावं होती तीन. ज्याची अडचण मोठी त्याला पूल, असा हिशोब. म्हणून बांधकाम खात्याचे साहेब जीप घेऊन गावोगावचे नाले पाहत फिरत होते. दोन गावं पाहून झाली होती, राहिलं होतं सावळापूर. इथला नाला तर गावाच्या मधूनच जायचा. अलीकडे बाजार, दवाखाना, मोटार स्टँड. पलीकडे जलालची वस्ती. पावसाळा लागला की पलीकडची माणसं गावात असून नसल्यासारखी.

जलालचे बैल म्हणजे बादल आणि पाखऱ्या. एरवी बाजाराचा माल ओढायचे, पण हिवाळ्यात शंकरपट भरला की हीच जोडी हलक्या छकड्याला जुंपली जायची आणि शर्यत मारायची. नेरपासून पुसदपर्यंत लोक या बैलांना नावानं ओळखत, जलालला मात्र "त्या बैलांवाला" म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे. त्यानं बैलांना कधी चाबूक लावला नव्हता. पटात शेवटच्या टप्प्यात तो फक्त ओरडायचा, "उड मेरे बच्चे!" आणि बैल जीव खाऊन सुटायचे. ही हाक तो पटाबाहेर तोंडातून काढत नसे. रोजच्या ओझ्याला वापरली तर बैलांना तिची सवय होईल, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या कुणी बंडी रुतवायची गोष्ट काढली असती, तर जलालनं त्याला अंगणातून हाकलून दिलं असतं. पण गोष्ट पुलाची होती, आणि पूल म्हटलं की त्याला अकीला दिसायची.

अकीला त्याची एकुलती एक लेक, नेरला दिलेली. गेल्या श्रावणात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि ऐन कळांमध्ये अडली. सुईण म्हणाली, आता माझ्या हातात नाही, दवाखान्यात न्या. जलालनं बंडीत गादी टाकली, लेकीला निजवलं, हीच जोडी जुंपली आणि नाल्यापर्यंत आला. तिथं तो थांबला. चिखल पाहिला. "यातून बैल निघत नाही," तो म्हणाला. काठावरच्या चार लोकांनीही माना हलवल्या. बैलांचं जलालपेक्षा जास्त कळणार कुणाला? त्यानं बंडी वळवली. मूल घरीच झालं, मेलेलं. मुलगा होता.

तेव्हापासून बाजारात, मशिदीच्या ओट्यावर, नगरपालिकेच्या दारात जलाल एकच सांगायचा: माझा नातू नाल्यानं खाल्ला. सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे निरखून पाहायचा, त्यानं मान हलवली की मगच पुढं जायचा. पूल झाला म्हणजे सरकारनंच कबूल केल्यासारखं होईल, की दोष नाल्याचा होता. त्याला तेवढंच हवं होतं, आणि त्यासाठी तो बैलांची अब्रू चिखलात घालायला तयार झाला.

दुसऱ्या दिवशी अलीकडच्या काठावर सारा बाजार जमला. पोळा नुकताच झालेला. बादल-पाखऱ्याच्या शिंगांवर रंग अजून ताजा होता. नानाजींनी अकीलाला नेरहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती मोटारीतून उतरली ती थेट नाल्यावरच आली. पलीकडच्या काठावर तिची आई सुग्राबी उभी होती. लेक येणार म्हणून तिनं सकाळपासून स्वयंपाक करून ठेवला होता; साहेब गेले की जलाल अकीलाला घरी आणणार होता.

गेल्या श्रावणात काय झालं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा अकीला हळू आवाजात बोलली. "अब्बांनी बंडी आनली होती, साहेब. त्या काठापोतर आलतो आमी. पन यातून बैल निघत नाही."

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. भला माणूस दिसत होता.

नानाजींनी रुमाल हलवला आणि जलालनं पलीकडून सरकीच्या पोत्यांनी भरलेली बंडी नाल्यात घातली. मध्यावर येताच चाकं गपकन बसली, अगदी ठरवल्यासारखी. बैलांनी दोनदा जोर केला, थांबले आणि मागं वळून मालकाकडे पाहू लागले. जलालनं नजर दुसरीकडे वळवली.

"अरेरे," साहेब म्हणाले. "बस, समजलं मला. काढा त्या मुक्या जनावरांना बाहेर."

झालं होतं. पूल जवळजवळ पदरात पडला होता. नानाजींचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा हसायच्या बेतात आला. तेवढ्यात पाखऱ्याचा पाय सरकला. तो पुढच्या गुडघ्यांवर आला आणि त्याचं तोंड चिखलात गेलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बसले रे बसले, जलालभाईचे बैल!" आणि दोन-चार जण फिदीफिदी हसले.

जलालला ते हसू ऐकू आलं. पूल, साहेब, नानाजी, सगळं एका क्षणात डोक्यातून उडालं. आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत त्याच्या गळ्यातून हाक निघाली.

"उड मेरे बच्चे!"

पाखऱ्या उठला. बादलनं मान खाली घातली. जू करकरलं, चाकांनी चिखल सोडला, आणि सरकीच्या पोत्यांसकट बंडी धडधडत काठावर येऊन साहेबांच्या पुढ्यात उभी राहिली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. शिट्ट्या वाजवल्या. आपण कशावर टाळ्या वाजवतो आहोत हे त्यांना जरा उशिरानं कळलं. मग एकेक हात थांबत गेला, आणि काठावर बैलांच्या धापांशिवाय काही ऐकू येईना. नानाजी मटकन दगडावर बसले.

साहेबांनी पँटवरचा चिखल झटकला. तेच ओशाळल्यासारखे झाले होते. "नानाजी, बैल तर निघाले. भरल्या बंडीसकट निघाले. परवा पाहिलेल्या गावात रिकामी बंडी निघाली नाही हो. पूल मला तिकडंच द्यावा लागेल."

जीप गेली. नानाजींच्या तोंडाचा मग पट्टा सुटला. "बेइमाना! गावाचा पूल बुडवला तुनं! एवढा कायले वरडला?" लोकही बोलू लागले. जलालला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो नाल्याकडे पाहत होता. चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या या काठापर्यंत आल्या होत्या आणि त्यांत पाणी भरत होतं. बैल निघत नाही, असं तो वर्षभर जिल्ह्याला सांगत आला होता, आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

अकीला गर्दीतून पुढं आली. ती रडत नव्हती. तिनं चाकोऱ्या पाहिल्या, बैलांची चिखलानं माखलेली तोंडं पाहिली.

"अब्बा, त्या दिवशी हेच बैल होते ना?"

जलालनं पाखऱ्याच्या तोंडावरचा चिखल हातानं पुसला.

"पानीबी एवढंच होतं," ती म्हणाली. "मी आडवी पडून पाहून राह्यलती. सारं ध्यानात हाये माह्या."

"हेच होते," जलाल कसाबसा म्हणाला. "मी भेलो, बेटा. मी हाकच नाही मारली."

तिनं डोक्यावरची चादर सारखी केली. "अम्मीले सांगजा, मी आजच्याच मोटारीनं नेरले जाते." आणि ती स्टँडच्या वाटेला लागली. एकदाही वळली नाही.

लोक पांगले. पलीकडून सुग्राबी हात हलवून विचारत होती, लेक कुठं आहे? जलालनं पोती उतरवली, बंडी वळवून नाल्याशी आणली. बैल कान टवकारून उभे राहिले. आता त्यांना काय म्हणून हाक मारावी, हे त्याला सुचेना.