दारात आडवी पडलेली पेटी

लिंबायतच्या आमच्या खोलीचं दार कधी पूर्ण उघडलंच नाही. एवढीशी खोली, आणि दारामागे पार छतापर्यंत पेट्या. मिलिटरीच्या. जुन्या, हत्यारं ठेवायच्या पेट्या! लोकांच्या नवऱ्यांना बाटलीचा नाद असतो, आकड्याचा असतो. आमच्या ह्यांना पेट्यांचा. मी लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा दोनच होत्या. म्हटलं असू देत बाप्पा, फिटर माणूस आहे, पान्हे ठेवायला लागतात. तेव्हाच कान पिळायला हवा होता.

दिवसभर लूमच्या खात्यात मशीनं दुरुस्त करायची आणि सुटीच्या दिवशी भंगार हुडकत फिरायचं. एखादी पेटी घरी आली की मला शिकवणी सुरू. "हे बघ सुंदरा, वरच्या हिरव्या रंगावर जाऊ नको, तो कोणीही मारतो. नखाने खरवड. खाली मातकट रंग निघाला पाहिजे. आता हा बाण बघ, तीन रेघांचा. ही सरकारची खूण. आणि स्क्रूच्या डोक्यावर एकच चीर पाहिजे. फुलीचा स्क्रू दिसला की समजायचं, मागाहून कोणीतरी हात मारलाय." मी भाकरी थापता थापता हूं हूं करायची. तरी मेलं डोक्यात शिरलंच. रेल्वेची पेटी कुठली आणि लष्कराची कुठली, मला झोपेतून उठवून विचारा.

सगळ्यांत लाडकी होती ती लांबडी. सागवानाची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, पहिल्या महायुद्धातली. सुरतेबाहेर सचिन गाव आहे, तिथल्या भंगारवाल्या भाईदासकडे तिच्यात कोंबड्या बसायच्या. ह्यांनी ती घरी आणून ब्लेडने एकेक थर काढत, किती महिने कोण जाणे, तिच्या झाकणावरची पांढरी अक्षरं वर आणली. आमची निशा तापाने फणफणली होती तेव्हा इतका वेळ तिच्या उशाशी बसले असते, तर मी आज काही बोलले नसते.

मग आला चौऱ्याण्णवचा सप्टेंबर. गणपती बुडाले आणि प्लेगची बोंब उठली. ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल. मेडिकलात गोळ्या संपल्या. पाणी उकळून प्या म्हणे, पाण्यातच काहीतरी आहे म्हणे, जो तो नवीन काहीतरी सांगायचा. स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती, माणसं गाड्यांच्या टपावर बसून गेली. बघता बघता गल्ली ओस पडली. माझा धाकटा भाऊ योगेंद्र कापडाचा ट्रक चालवायचा. त्याने निरोप धाडला, "आक्का, दुपारी ट्रक नंदुरबारला न्यायचाय. गल्लीच्या तोंडाशी थांबतो. पोरीला घेऊन तयार राहा, मला फार थांबता येणार नाही."

आणि हे कुठे? सचिनला! भाईदास दुकान टाकून गावी पळत होता, जाता जाता एक पेटी फुकट देत होता, म्हणून सकाळीच सायकल काढून गेले. "दुपारच्या आत आलोच." अख्खं शहर जीव मुठीत धरून पळतंय आणि हा माणूस पेटी आणायला गेलाय! मी कपाळाला हात लावला.

निशाला कॉटवर बसवलं आणि बांधाबांध करायला लागले. कपड्यांची पिशवी पेट्यांच्या मागे खुंटीला होती. दार लोटलं, पिशवी ओढली, ती अडकली. मला घाई, मी हिसका दिला. सगळ्यात वर लांबडी होती. ती आधी घसरली आणि तिच्यामागून बाकीच्या धडाधड आल्या. मी कशी बाजूला झाले, देव जाणे. धूळ बसली तेव्हा बघते तर लांबडीचं एक टोक दाराला टेकलेलं आणि दुसरं मोरीच्या कठड्याला. मधे फट म्हणून नाही. ती कुशीवर, झाकण माझ्या बाजूला, आणि तिच्या अंगावर बाकीच्या पेट्या, आतल्या लोखंडासकट. दार आत उघडणारं. ओढून ओढून बोटभर उघडलं, पुढे ढिम्म.

कुलपं सगळ्यांना, किल्ल्यांचा जुडगा ह्यांच्या कमरेला. पेटी रिकामी करायची सोय नाही. खिडकी म्हणाल तर वर जाळी, हात जाईल एवढी.

आणि मग पेट्यांच्या मागून उंदीर निघाला.

एरवी मी उंदराला भिणारी नाही, झाडूने हाणते. पण त्या दिवसांत उंदीर म्हणजे यमच! तो भिंतीला धरून पळाला, मोरीत गेला, परत आला, कॉटखाली शिरला. त्याला तरी बाहेर जायला वाट कुठे होती? निशा किंचाळली. मी तिला कडेवर घेऊन कॉटवर उभी राहिले आणि गळा फाडून ओरडले. ऐकायला गल्लीत होतं कोण! वाटलं, संपलं. इथंच, ह्यांच्या भंगारात पोरीसकट मरायचं.

तिकडून ट्रकचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने योगेंद्र धावत आला, बाहेरून खांदा लावून पाहिला, दार हलेना. "आक्का, ट्रकमध्ये माणसं भरलीत, ती ओरडायला लागलीत. काहीतरी कर गं!" म्हणाला आणि ट्रक राखायला परत पळाला. मी काय करू? माझ्याकडे होती घरातली हातोडी. ती घेऊन खाली उतरले.

तेवढ्यात सायकलची घंटी. आले! कॅरियरला पेटी बांधून आले.

"काय व्हयनं वं?" फटीतून ह्यांचा डोळा दिसला.

"तुमच्या पेट्या पडल्या दारात! आत उंदीर आहे. लांबडी फोडते, म्हणजे दार उघडेल."

फटीतला डोळा लांबडीवर फिरला. मग हळू आवाजात, "पेटीले हात नको लावू."

"अहो, निशा आहे आत!"

"माहीत आहे. किल्ल्या देऊन लोखंड उपसायला वेळ नाही, दार काढतो मी. फोडू नको सुंदरा, पाया पडतो तुझ्या."

समोरचे शालिग्रामभाऊ तेवढे गल्लीत उरले होते. बायकोपोरांना गावी धाडून घर राखायला थांबले होते, नवा टीव्ही होता ना! दारं-खिडक्या लावून आत बसले होते, ह्यांनी दार ठोकलं तेव्हा पहार घेऊन आले. दोघांनी मिळून दार उपसलं. फळ्या उभ्या चिरल्या, चौकट विटांसकट बाहेर आली. आधी उंदीर पळाला, मग त्या भगदाडातून निशा, मग मी. बाहेरचा वारा लागला आणि मला रडूच फुटलं.

ट्रकपर्यंत पळत गेलो. ह्यांनी निशाला वर चढवलं, पिशवी दिली, मला हात दिला. आणि स्वतः खालीच उभे.

"चढा की!"

"आता दार नाही ना," हे म्हणाले. "खोली उघडी टाकून कसा येऊ? सुतार बघतो, दार बसवतो, मागून येतो."

सुतार! सुरतेत त्या दिवशी सुतार कुठे होता? दार बसेपर्यंत हे त्या भगदाडात बसून राहणार होते, आणि तोवर प्लेग काय बाहेर थांबणार होता? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पेटी फोडली असती तर दार राहिलं असतं, कुलूप लावून तिघं निघालो असतो. ह्यांनी पेटी वाचवली आणि स्वतःला कोंडून घेतलं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी ट्रकमधून उडी मारली. योगेंद्र ओरडतोय "आक्का, आक्का," निशा रडतेय. मी तडक खोलीत. हातोडी तिथंच पडली होती. हे मागून धावत आले आणि उंबऱ्यात थांबले. मला वाटलं होतं हात धरतील, ओरडतील, एखादी कानाखाली देतील. मी हातोडी उगारली तर म्हणतात कसे,

"हात सांभाळ. डाव्या कडेला खिळा वर आलाय."

असा माणूस! काय करायचं अशा माणसाचं? डोळ्यांत पाणी आलं तरी मी मारली. पहिल्या घावाला काहीच झालं नाही, सागवान ते. मग मारतच गेले. झाकण मधोमध फाटलं, ती पांढरी अक्षरं दोन्हीकडे झाली.

"आता दुसरी दाखवा," मी म्हटलं. "कोणती राखायला थांबणार ते सांगा, ती फोडते. ट्रक गेला तर जाऊ दे."

ह्यांनी दोन्ही हात वर केले. "बस. बस कर. येतो."

मोकळ्या हातांनी आले. सायकलही तिथंच टाकली. नंदुरबारपर्यंत निशा ह्यांच्या मांडीवर झोपली होती आणि ह्यांची नजर मागे, सुरतेच्या रस्त्याकडे.

दसऱ्याच्या आत परत आलो. दाराचं भगदाड होतं तसंच. आत जाऊन बघते तर स्टोव्ह जागेवर, भांडी जागेवर, सगळ्या पेट्या पडल्या होत्या तशाच. बाहेर सायकलला बांधलेली फुकटची पेटीसुद्धा शाबूत. प्लेगच्या गल्लीत चोर तरी कशाला मरायला येईल? फुटलेली एकच, मी फोडलेली.

मी कंबर कसून तयारच होते. म्हटलं, आता बोलतील, म्हणतील बघ, उगाच फोडलीस. मग मीही काढते सगळं.

पण समोर शालिग्रामभाऊंच्या दाराला कुलूप होतं. नाक्यावरचा चहावाला सांगत आला. आम्ही गेल्यावर दोन-तीन दिवसांत त्यांना ताप भरला, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. टीव्ही आत तसाच आहे म्हणाला.

ह्यांनी जाऊन त्या कुलपाला हात लावला. मग आत आले, लांबडीजवळ खाली बसले.

"तू फोडली नसती तर मी आलो नसतो," म्हणाले.

आणि फाटलेल्या झाकणावर हात ठेवून रडायला लागले. ओक्साबोक्शी. शालिग्रामभाऊंसाठी नाही, माझ्यासाठी नाही, पोरीसाठी नाही. पेटीसाठी! असा संताप आला मला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फोडीन, तेही दोनदा. पण जिवंत होते, म्हणून रडत तरी होते. मी स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.