लिंबाचा डहाळा, कागदाचा तुरा

माझी दोन लेकरं एकमेकाला बोलत न्हाईत. थोरला बन्सीधर, धाकटा सिताराम. भांडण कशाचं, तर बांधाचं. धाकट्यानं भर चावडीवर थोरल्याला सांगितलं, "मी मेलो तरी माझ्या तोंडात पाणी घालायला येऊ नको." तवापासून एका घरात दोन चुली अन् मधी मी. हे दोघं एकदा बोलले की मी डोळे मिटायला मोकळी. मला दुसरं काय बी नको.

असं असताना शाळेचे धम्मानंद सर दारात आले. म्हणले, "मावशी, गॅदरिंगला पालकांचं नाटक बसवायलोय. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचं जुनं बंड."

"राणीसावरगावात भांडणं कमी पडली म्हणून अमेरिकेहून आणायलाव का?"

 सरांनी केलं काय, तर सितारामला बंडात घेतलं अन् बन्सीधरला सरकारी फौजेत. मी म्हणलं, ह्या मास्तरची अक्कल चरायला गेली.

नाटकाच्या दिवशी ष्टेजवर बर्फ म्हणून कापूस पसरला होता. इथं वेचायला माणूस मिळंना अन् हे मेले पायानं तुडवायलेत. बंडवाल्यांच्या टोपीत लिंबाचा डहाळा, फौजेच्या टोपीत पांढरा कागद. तिकडं अमेरिकेतबी असंच हिरवी फांदी अन् कागद लावायचे म्हणं.

मला काय उमजंना. हे शेतकरी इंग्रजाशी लढले, जिंकून घरी आले, तर कर्जापायी दारात जप्ती अन् वरून जादा कर. मग ते कोर्ट बंद पाडायला निघाले. शेजारी सरांची आई पंचफुला बसली होती. तिला इचारलं, "इंग्रज तर गेला, मग आता राजा कोण?"

"राजा न्हाई, चतुराबाई. त्यांचंच सरकार."

"अन् फौज?"

"आजूबाजूच्या गावचीच."

आता घ्या. ह्याबी बाजूला आपले, त्याबी बाजूला आपले, मग माणसानं टाळ्या कुणाला वाजवाव्या? मी दोन्हीकडं वाजवल्या. पंचफुलानं माझा हात धरून खाली केला.

बंडवाले हत्यारांच्या कोठारावर चालून आले. बन्सीधरनं तोफेला बत्ती दिली. तोफ म्हंजे बोअरचा पाइप, आत सुतळी बॉम्ब. कानठळ्या बसल्या. धूर झाला, कापूस उडाला अन् सिताराम उताणा पडला. पडायचं ठरलेलंच होतं, पण इतकं जोरात? टोपीतला डहाळा छातीवर आला. मयतीहून आल्यावर आमी लिंबाचा पाला चावतो. तो डहाळा बघून मी जागची उठले. लेकरू हलंना. खरं का सोंग, मला कळंना.

बन्सीधरलाबी कळंना. त्यानं कागद लावलेली टोपी फेकली अन् धावत जाऊन धाकट्याचं डोकं मांडीवर घेतलं.

पडद्यामागून सर म्हणायलेत, "बन्सीधरराव, तुमी फौजेतले हाव. मागं सरका."

तो काय सरकंना. "पाणी द्या कुणीतरी," म्हणला. कुणी तांब्या दिला. त्यानं वंजळीनं धाकट्याच्या तोंडात पाणी सोडलं.   हे नाटकातलं का बाहेरचं, समोर बसलेल्या एकालाबी सांगता येईना.

सितारामच्या घशाची घाटी हलली. डोळे मिटलेलेच, पण कानावर पाणी वघळायलं, अन् ते तांब्यातलं न्हवतं.

"मेलेल्यानं हलायचं न्हाई," सर आतून म्हणले.

"दादा," सिताराम म्हणला, "आजून थोडं घाल."