व्हरांड्यातली खुर्ची

"भाषणातून पणजोबांचा पॅरा काढलास ना?" अर्जुन कुजबुजला.

"काढलाय. तिसऱ्यांदा विचारतोयस," सरिता म्हणाली.

सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या कम्युनिटी क्लबात मराठी मुलांची वक्तृत्व स्पर्धा चालली होती. पहिल्या रांगेत चंद्रशेखर सर होते, अर्जुनचे मॅनेजर. अर्जुनचा इथे नोकरी करायचा पास पुढच्या महिन्यात, मार्च २०१६ मध्ये, संपत होता. तो वाढवायचा की नाही, हे सरांच्या शब्दावर होतं. सर तसे प्रेमळ. फक्त हसत हसत विचारायचे, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" सात वर्षं ही दोघं सांगत आली होती, "गावी असतो."

स्टेजवर त्यांची दहा वर्षांची दीक्षा बोलत होती. "गुलामगिरी संपून पाच वर्षंही झाली नव्हती. हायरम रेव्हल्स अमेरिकेच्या सिनेटमध्ये निवडून आले. पहिले काळे सिनेटर! पण काही जण म्हणाले, हा माणूस नऊ वर्षं नागरिकच नाही, याला आत घेऊ नका. दोन-तीन दिवस भांडण! मग मतदान झालं, आणि त्यांनी शपथ घेतली."

टाळ्या वाजल्या. सरितानंही वाजवल्या.

परीक्षक नीलिमाताई माइककडे झुकल्या. "गोड बोललीस! पण बाळा, हा विषय तुला सुचला कसा?"

दीक्षानं आईकडे पाहिलं. "पणजोबांमुळे. बट आई से कॅनॉट टेल, लाह."

तिच्या सिंगापुरी इंग्रजीवर हॉल खदखदून हसला. सर मागे वळले. "सांगा की वहिनी! आपल्याच माणसांत काय लपवायचं?"

अर्जुननं सरिताचं मनगट घट्ट धरलं. दीक्षा मात्र हसत नव्हती. आपलं काय चुकलं, हे ती आईच्या चेहऱ्यावर शोधत होती.

सरितानं हात सोडवून घेतला आणि ती उभी राहिली.

"माझे आजोबा जिल्हा लोकल बोर्डाचे सभासद होते. त्यांची खुर्ची बाहेर व्हरांड्यात ठेवायचे. ते खिडकीतून हात वर करून मत द्यायचे." तिनं सरांकडे पाहिलं. "आम्ही बौद्ध. तेव्हा महार म्हणायचे. आमच्याकडे गणपती नसतो, सर."

सरांना एकदम मोबाइलमध्ये काहीतरी बघायचं आठवलं.

"झालं," अर्जुन पुटपुटला.

नीलिमाताईंनी गुणांचा कागद उलटा करून पेन उचललं. "नाव काय हो आजोबांचं?"

"रखमाजी संभाजी वाघमारे," सरिता म्हणाली, आणि नीलिमाताईंचं लिहून होईपर्यंत उभीच राहिली.