पाय पूर्वेकडे

“डोकं कुठल्या बाजूला घ्यायचं?” खड्ड्यात उतरलेल्या माणसाने विचारलं.

“पूर्वेला,” नोवेथू म्हणाली. “पाळकाचं असतं तसं.”

बिशपांच्या हाताखालचे आर्चडीकन प्रुएट पुढे आले. “हे बघ, तुझा नवरा पाळक नव्हता. साधा धर्मशिक्षक होता.”

“मग एकवीस वर्षं दर रविवारी उपदेश कोण करत होतं? तुमचा घोडा?”

मागे कुणीतरी फसकन हसलं. मी बिशप हॅलेटांकडे पाहत होते. आमच्यात सामान्य माणसाला पाय पूर्वेकडे करून पुरतात. शेवटच्या दिवशी त्याने उगवतीकडे तोंड करून उठावं म्हणून. पाळकाचं उलट. उठताच त्याला समोर त्याची माणसं दिसावीत. नोवेथूच्या नवऱ्याची, जोसाया न्कोहलांची, माणसं तर त्या दिवशी टेकडीभर उभी होती.

बिशप बैलगाडीतून इथे उतरले, तेव्हा त्यांना आमच्या खोसा भाषेत प्यायला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. जोसायांनी शिकवलं. प्रार्थनापुस्तकाचं भाषांतर दोघांनी केलं, छापलं एकाच्या नावाने. मिशनच्या शाळेत मी तेव्हापासून शिकवते. दर ईस्टरला बिशपांचं एकच वाक्य ऐकत आले, “जोसाया, तुझी पाळकपदाची दीक्षा पुढच्या वर्षी नक्की.” आणि दर वर्षी आर्चडीकन त्यांना बजावत, काळ्या माणसाच्या हातून प्रभुभोजनाची भाकर आपले गोरे घेणार नाहीत.

“बिशपसाहेब, तुम्ही बोला की,” नोवेथू म्हणाली. “ह्यांनीच तुम्हाला बोलायला शिकवलं ना?”

बिशपांनी टोपी हातातल्या हातात फिरवली. “नियमाप्रमाणे होऊ दे,” ते म्हणाले. तिच्याच भाषेत, एकही उच्चार न चुकता.

पेटी फिरवायला दोन दोर आणि चार माणसं पुरली असती.

पुढच्या हिवाळ्यात बिशप गेले. मृत्युपत्रात लिहिलं होतं, मला जोसायाशेजारी पुरा, आणि पाय त्याच्यासारखेच पूर्वेकडे करा. शहरातून आलेल्यांनी डोळे टिपले. केवढी ही नम्रता, म्हणाले.

“ऐकलंत का बाई?” नोवेथू माझ्या कानाशी पुटपुटली. “मेल्यावर कूस बदलायला काय जातं?”

संध्याकाळची प्रार्थना आटोपली की मी रोज टेकडीवर जाते. नोवेथू खुरपं घेऊन आधीच बसलेली असते. नवऱ्यावरची माती ती भुसभुशीत करते, गवताची काडी ठेवत नाही. दोन कबरींच्या मधल्या रेषेपर्यंत येते, खुरपं झग्याला पुसते आणि उठते.

बिशपांच्या कबरीवर तण गुडघ्याएवढं वाढलं आहे. ते काढायला हवं. उद्या नक्की, असं मी रोज म्हणते.