कोळंबीच्या शेडला लागणारं मीठ

खांब गावात आमच्या शेताच्या वरच्या अंगाला प्रणिताने पत्र्याची शेड घातली आणि आत खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत कोळंबी सोडली. ती शेजारच्यांची सून. पेढे द्यायला आली तेव्हा म्हणाली, "काकी, एक थेंब पाणी बाहेर जाणार नाय. तेच गाळून पुन्हा वापरायचं."

पेढा मी खाल्ला. बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. भात कापून झालं होतं, वाल पेरायचे होते, आणि वालाला खारं पाणी सोसत नाही.

टाक्यांना मीठ माझा भाऊ जगन द्यायचा. पेणकडे त्याचं मिठागर आहे, माझंही लहानपण तिथंच गेलं. पहिल्यांदा टेम्पोभर मीठ लागलं, ते ठीक. पण टेम्पो येतच राहिला.

"पाणी उडून जातं, मीठ कसं उडतं रे?" मी जगनला विचारलं.

"तुला काय करायचंय गो बाय? गिऱ्हाईक मागतंय, मी देतंय."

"जन्म मिठागरात काढलास ना?"

तो बिडी पेटवून दुसरीकडे बघायला लागला. म्हणजे मीठ कुठेतरी बाहेर जातंय, हे त्यालाही कळलं होतं.

मी तडक शेडवर गेले. प्रणिता हसली. "टाक्यांच्या तळाचा गाळ काढतो ना, त्याबरोबर थोडं मीठ जातं. मागच्या खड्ड्यात टाकतो. खाली प्लास्टिक हाय."

"थोडं म्हणजे टेम्पोभर?"

"काकी, माझ्यावर पाळत ठेवता काय?"

"व्हय."

तिचं तोंड उतरलं, पण आली बरोबर. गाळाबरोबरचं पाणी रोज खड्ड्यात येत होतं, तरी खड्ड्यात नुसता चिखल. तिने बांबूने चिखल बाजूला केला. प्लास्टिक लांबलचक फाटलेलं. खाली माझ्या बांधालगत मातीवर पांढरी साय आली होती. तिनेच ती बोटाला लावून चाखली.

"शपथ काकी, मला माहीत नव्हतं."

असेल, नसेल. तेवढ्यात जगनचा टेम्पो आला. मी म्हटलं, "खड्डा बांधेपर्यंत मीठ उतरवायचं नाय."

"कोळंबी मरेल गो!" जगन म्हणाला.

"मरू द्यायची नसेल तर ही टाक्यांतलं पाणी धरून ठेवेल."

प्रणिताने बांबू खाली टाकला. मग म्हणाली, "मामा, टेम्पो परत न्या."

पुढे तिने सिमेंटचा खड्डा बांधला, वरचं नितळ पाणी परत टाक्यांत नेणारा पाइप बसवला आणि मला बोलावून दाखवला. मी चारी बाजूंनी फिरून पाहिला.

वाल मात्र मी बांधापासून लांबच्या अर्ध्या शेतातच पेरले.

"आता काय राहिलं काकी?" तिने विचारलं.

"एक पावसाळा जाऊ दे, मातीतलं मीठ धुऊन निघू दे," मी म्हटलं. "मग बघू."