न टोचलेल्या पायातली सुई

मोटारींचं गॅरेज बंद पडून तीन वर्षं झाली होती, पण त्या सकाळी त्याच्या शटरपुढे पन्नास-साठ माणसं उभी होती. आत, जिथे पूर्वी गाड्या वर उचलायचे, तिथे एका उंच स्टुलावर सुईबाबा बसले होते. पुढ्यात स्टीलचं ताट, ताटात ओल्या कापसाचे बोळे, आणि समोर खांदा उघडा टाकून बसलेली इस्त्रीवाली मावशी.

"डॉक्टर सुई टोचतो," बाबा गरजले, "आणि काढतो काय?"

"सुई!" लोक एका सुरात म्हणाले.

"अर्धी! अर्धीच काढतो! टोक आत राहतं. ते रक्तातून फिरतं. आज खांद्यात, उद्या काळजात. सुई जाते बाबांनो, सुईचं मन जात नाही!"

सुईला मन असतं हे तिथल्या कुणालाच आजवर माहीत नव्हतं. पण बाबांचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा धडा शिकवला त्या दिवशी आपणच शाळा बुडवली असणार. बाबांनी एक बोळा उचलला, मावशीच्या खांद्यावर दाबला, डोळे पांढरे केले आणि बोळा उलटा करून दाखवला. कापसात सुईचं काळं टोक होतं. भोवती थोडा लाल डाग.

लोकांनी तोंडात बोटं घातली. मावशीने हात सरळ वर नेला.

"काय मावशी, उचलशील आता गाठोडं?"

"गाठोडं काय, तुम्हालाच उचलते!"

सगळे हसले. रांगेत बसलेले कवायतसरही हसले. त्यांच्या मांडीवर त्यांची कुत्री झिपरी होती आणि शेजारी त्यांची नात.

कवायतसरांनी एकतीस वर्षं लहान मुलांना कवायत शिकवली होती. समोर उभी असलेली पहिलीतली पोरं आरशात बघावं तशी मास्तरांची नक्कल करतात. म्हणून सर तोंडाने "उजवा हात वर" म्हणायचे आणि स्वतःचा डावा उचलायचे. एकाही पोराचा कधी गोंधळ झाला नाही. झाला तो सरांचाच. निवृत्तीनंतरही डाव्या हाताला ते बेलाशक उजवा म्हणत. सूनबाई रिक्षावाल्यांना आधीच सांगून ठेवायची, "सरांनी उजवीकडे म्हटलं की डावीकडे वळा."

झिपरी सहा महिन्यांची. लांब पाय, विस्कटलेले केस, आणि शेपूट अशी की हलली की टेबलावरचा कप गेलाच. नातीला ती गटाराच्या पाइपात सापडली होती. आईबाप दोघंही दूरच्या शहरात नोकरीला गेल्यापासून नात मुकी मुकी झाली होती. झिपरी आली आणि पोरगी पुन्हा बडबडू लागली. सरांच्या लेखी झिपरी कुत्री नव्हती, नातीचा आवाज होती.

मागच्या सोमवारी जनावरांच्या दवाखान्यात तिला लस दिली. टेबलावर झिपरीचं तोंड खिडकीकडे. सर मागून तिला कवेत धरून तेही खिडकीकडेच तोंड करून उभे. नातीने डोळे गच्च मिटलेले. मागच्या मांडीत सुई गेली, झिपरीने साधं "कुंई"सुद्धा केलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर काहीतरी लिहिलं. ते कार्ड सरांनी घरी आणून खणात टाकलं.

तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आजोबा, झिपरी मागचा उजवा पाय टेकवत नाहीये."

"उजवाच ना? मग बरोबर. सुईचाच पाय."

सरांनी फोन केला. "बाई, ज्या उजव्या पायाला सुई दिलीत, त्याच पायाने लंगडतेय."

"सुईच्या जागी दुखतं कधीकधी," बाई म्हणाल्या. "पळू देऊ नका. दोन दिवसांत थांबलं नाही तर लगेच घेऊन या."

दोन दिवसांत थांबलं नाही. पण तेवढ्यात कपडे द्यायला आलेल्या मावशीने झिपरीला पाहिलं. "अहो सर, परत त्याच टोचणाऱ्यांकडे नेता? आधी टोक तर काढून घ्या!" आणि नातीने रडवेल्या डोळ्यांनी आजोबांकडे पाहिलं.

सर भोळे नव्हते. भूतखेत, नजर, गंडेदोरे यांची त्यांनी जन्मभर टिंगल केली होती. पण झिपरी रात्रंदिवस कण्हत होती, आणि नात जेवत नव्हती. नेऊन तर बघू, त्यात काय जातंय, असं त्यांच्या मनाने म्हटलं.

गॅरेजचा नियम एकच. आल्याबरोबर बाबांच्या हातची गोड वडी खायची आणि तासभर गप्प बसायचं. कुत्रीला वडी कशी द्यायची? बाबांनी कलेजीच्या तुकड्यात घालून दिली. तासाभराने झिपरीच्या उजव्या मांडीवर बोळा दाबला, टोक निघालं, आणि झिपरी खाली उतरून चक्क चारही पायांवर चालली! नातीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी आणखी पाच तुकडे बांधून दिले. "रोज एक. डॉक्टरला सांगायचं नाही, नाहीतर टोक परत शिरतं."

चार दिवस झिपरी नीट चालली. चौथ्या दिवशी सकाळी तिने ताटलीकडे पाहिलंच नाही. पाणी मात्र पीत राहिली, प्यायलेलं ओकत राहिली. शी डांबरासारखी काळी. पाचव्या दिवशीचा तुकडा तिने नाकाने दूर सारला. दुपारी तिला उभंच राहता येईना, तेव्हा सरांनी तिला शालीत गुंडाळलं. उरलेला तुकडा कागदात घेतला, खणातलं कार्ड खिशात घातलं आणि दवाखाना गाठला.

बाईंनी झिपरीच्या हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक. तिला सलाइन लावलं, मग तो तुकडा चिमट्याने फोडला. आत अर्धी पांढरी गोळी.

"ही माणसांची वेदनाशामक गोळी आहे," त्या हळू म्हणाल्या. "माणसाचं दुखणं काही तास दबतं. कुत्र्याच्या पोटात हिने जखमा होतात, मूत्रपिंडं बंद पडतात. किती दिल्या?"

"पाच," नात म्हणाली. "एक सुईबाबांनी दिली, बाकी मीच भरवल्या."

बाईंनी कार्ड उघडलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "सर, तुम्ही फोनवर उजवा पाय म्हणालात. सुई तर मी डाव्या मांडीला दिली होती. इथे लिहिलंय."

"नाही बाई, मी स्वतः धरून उभा होतो."

"कसे उभे होता? दाखवा."

सर टेबलापाशी गेले, खिडकीकडे तोंड केलं, वाकले आणि डाव्या हाताने दाखवलं. "ही इथे. ही उजवी."

"आजोबा," नात म्हणाली, "हा डावा हात आहे. आपण शाळेत नाही आहोत."

सर आपल्या हाताकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा तरी हात असावा तसे.

"मला तेव्हाच कळलं असतं की दुखणारा पाय वेगळाच आहे, तर मी त्याच दिवशी बोलावलं असतं," बाई म्हणाल्या. त्यांनी उजव्या पायाचं लांब हाड अंगठ्याने दाबत नेलं. झिपरीने मान उचलली आणि टाकली. "भराभर वाढणाऱ्या कुत्र्यांची हाडं अशी आतून दुखतात. लसीशी बहुधा संबंधही नसेल, वेळ जुळून आली एवढंच. पथ्याने, योग्य औषधाने, काही आठवड्यांत जातं ते."

"आपोआप?" सरांनी विचारलं.

"बहुतेक वेळा आपोआप."

नात म्हणाली, "उजव्या पायाला सुई टोचलीच नव्हती. मग बाबांनी त्यातून टोक कुठलं काढलं?"

झिपरी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. नातीचा हात तिच्या मानेखाली होता, आणि पोरगी तिच्या कानात काहीतरी सांगत होती. ते सांगणं मध्येच थांबलं.

त्यानंतरच्या रविवारी गॅरेजमध्ये पुन्हा गर्दी होती. सर नातीला घेऊन रांगेत बसले, पण वडी त्यांनी रुमालात ठेवली. पाळी आल्यावर शर्टाची बाही वर केली आणि म्हणाले, "बाबा, कालच सुई घेतली. फार ठणकतंय. फक्त हा माझा कापूस वापरा." त्यांनी मेडिकलच्या दुकानातलं नवं, बंद पाकीट पुढे केलं.

"मंतरलेलाच कापूस लागतो!"

"मग आता मंतरा. आम्ही थांबतो."

"डॉक्टरचा माणूस आलाय हा!" बाबा ओरडले. "याच्यामुळे तुमची टोकं परत शिरतील!"

लोक बाबांकडे बघत होते. नातीने ताट आपल्याकडे ओढलं आणि एक बोळा फाडला. आत टोक. दुसरा फाडला. आत टोक. तिसऱ्यात टोक आणि लाल रंगाची पुडी. अजून कुणाच्या अंगाला न लागलेले नऊ बोळे, आणि नऊच्या नऊ जणांच्या सुया आधीच काढून ठेवलेल्या! सरांनी रुमालातली वडी मोडली. आत अर्धी पांढरी गोळी.

बाबा मागच्या दाराकडे निघाले. सरांनी सांगून ठेवलेल्या दोन रिक्षावाल्यांनी ते दार आधीच अडवलं होतं.

इस्त्रीवाली मावशी मात्र हटून बसली. "पण सर, माझा खांदा खरंच थांबला होता हो! खोटं कशाला बोलू?"

"थांबला होता, मावशी. आमची झिपरीही चालली होती. म्हणून तर पटलं मला." सरांचा आवाज मैदानावर असायचा तसा स्वच्छ झाला. "बरं वाटलं एवढ्यावरून कशाने बरं वाटलं ते कळत नाही. मी शिकवणारा माणूस. उजवं-डावं चुकलो. माणूस चुकतो, म्हणून तर कार्डावर लिहून ठेवतात. ते घरात होतं. मी खण उघडला नाही. डॉक्टरला सांगू नका म्हणाले, तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. ज्याला तपासलेलं चालत नाही, ते औषध घेऊ नका. कुणी काही खायला दिलं तर फोडून बघा, काय आहे ते विचारा. उत्तर द्यायला जो चिडतो, त्याच्याकडून उठून या. आणि उद्या डॉक्टरकडे जा, मावशी. गोळ्या किती खाल्ल्यात तेही सांगा."

मावशीने मान हलवली. तिचा हात पोटावर गेला होता.

घरी जाताना नात एक शब्द बोलली नाही. सर वाट बघत राहिले. दाराशी चपला काढताना ती म्हणाली, "आजोबा, मी भरवताना तिला एकदा नको होतं. मी तोंड उघडून घातलं."

सर उंबऱ्यावरच तिच्याशेजारी बसले. "तुला कुणी खरं सांगितलं नव्हतं, बाळा," ते म्हणाले. "ते विचारायचं काम माझं होतं."