डालड्याच्या डब्यातली पानफुटी

लियाकत गेल्यापासून मी रडले नव्हते, आणि गडचांदूरच्या आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना ते काही पचत नव्हतं. येऊन बसायच्या, माझे डोळे तपासायच्या, चहा पिऊन निराश होऊन जायच्या. मला खरंच काही वाटत नव्हतं. भूक लागली की जेवायची, झोप आली की झोपायची. इद्दत सुरू होती, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पाय टाकायचा नाही. नाहीतरी मला कुठे जायचं नव्हतं.

खिडकीत डालड्याच्या डब्यात त्याची पानफुटी होती. पत्र्याच्या पेट्या बनवणारा माणूस, तो कुंडी विकत कशाला आणेल? मुतखडा झाल्यापासून रोज सकाळी तिची दोन पानं मीठ लावून चावायचा आणि मलाही खा म्हणून मागे लागायचा. मुतखड्याचं काय झालं अल्ला जाणे, गेला तो छातीच्या दुखण्याने. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी आपली रोज पानांवरची सिमेंट कारखान्याची धूळ ओल्या फडक्याने पुसायची आणि पाणी घालायची, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून.

एका शुक्रवारी जाहिद आला, माझा धाकटा दीर. इद्दतीत दिरासमोरही यायचं नसतं, म्हणून तो पडद्याआडून बोलला.

"भाभी, कबरीवर काहीतरी हिरवं पाह्यजे. भाईच्या पानफुटीचं एक पान दे. नुसतं पान टेकवलं तरी जगते ते."

"नाई," मी म्हटलं.

"एकच पान, भाभी."

"एकही नाई."

तो निघून गेला. एका पानाने माझं काय जाणार होतं? पण लियाकतला सगळ्यांनी मिळून उचलून नेलं होतं, आता हेही पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

पुढे डब्याचा तळ गंजून गेला. घातलेलं पाणी तांबडं होऊन भिंतीवर उतरायला लागलं आणि खालची पानं पिवळी पडली. जिवतीकडच्या डोंगरातली रुखमा बाजाराला आली की आमच्याकडे पाणी प्यायला थांबायची. तिच्या पोरीच्या लग्नाची पेटी लियाकतने केली होती, तेव्हाची ओळख. तिने डबा हातात घेऊन बघितला.

"जागा नाई उरली याले," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराला ती पसरट तोंडाचं मडकं आणि फडक्यात बांधून जंगलातली माती घेऊन आली.

"इथची माती काऊन नाई?" मी विचारलं.

"इथच्या मातीत सिमेंटच जास्त. पानी टाकलं का गोटा होते."

आम्ही अंगणात बसलो. तिने डबा उलटा करून थोपटला. आतून मुळांचा गठ्ठा निघाला, अगदी डब्याच्या आकाराचा. तिने बोटांनी मुळं हळूहळू मोकळी केली आणि झाड मडक्यात धरलं.

"आता तू टाक माती."

मी मूठ भरली. काळी, गार, पानं कुजल्याचा वास असलेली माती.

"त्याले देली होती ना माती?" तिने सहज विचारलं.

"आमच्यात बायका कबरस्तानात जात नाईत."

"म्हंजे तू देलीच नाई?" तिचा हात थांबला. "आमच्या गावात तं बायकाबी देतेत."

मला ती संध्याकाळ आठवली. माणसं मातीहून परतली आणि याच अंगणातल्या नळावर त्यांनी हात धुतले. प्रत्येकाने तीन तीन मुठी दिल्या होत्या. ज्यांच्याशी तो धड बोलतही नसे, त्यांनीही. मोरीतून गढूळ पाणी वाहत होतं आणि मी पडद्याआड टॉवेल धरून उभी होते. माझे हात स्वच्छ होते. मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तर तो राग होता.

मी मूठ सोडली. मग दुसरी. तिसरी टाकून मी हात मागे घेतला. बाकीची माती रुखमाने भरली.

"जाहिदले बोलावतेस का?" मी तिला म्हटलं.

तो पेट्यांच्या दुकानातून आला, पडद्यापलीकडे उभा राहिला. रुखमाने मडकं त्याच्या हातात दिलं.

"पान नको, पूर्ण झाड ने," मी म्हटलं. "पण मुळाची माती झटकायची नाई. आहे तशीच लाव. माझ्या हातची हाय ते."

 तो म्हणाला, "हो, भाभी."

एक पान मी आधीच खुडून खिडकीत ठेवलं होतं. रुखमा जाताना म्हणाली, "हात धुऊन घे." मी म्हटलं, थांब जरा. ती गेली तरी मी तशीच बसून राहिले. दिवा लावायच्या सुमारास जाहिदचा आवाज आला.

"लावलं, भाभी. चिमूटभरही माती सांडू देली नाई."

"डोक्याकडे?"

"डोक्याकडे."

मग मी नळावर जाऊन हात धुतले. नखांतली माती लवकर निघेना. निघेपर्यंत मी रडत होते, चांगली मोठ्याने, मोहल्ल्याला ऐकू गेलं तर जावो.